जड झालेला ब्रेक

पोरं शाळेत उतरवून आम्ही परत निघालो आणि आमची व्हॅन तर्री-पोह्याच्या ठेल्याला जाऊन टेकली. धडकली असं मी म्हणणार नाही, टेकलीच. पण ठेलेवाल्याच्या हातातली पळी हलली, तर्री त्याच्याच शर्टावर सांडली आणि मग त्यानं आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. सकाळी सकाळी एवढं ऐकून घ्यायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

"काहून जी, झोपले होते का?" मी मागच्या सीटवरून ओरडले.

आमच्या ह्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक वर ओढून धरला होता. "ब्रेक दगड झाला वं," ते म्हणाले. "दबूनच नाही राहिला."

ठेलेवाल्याला मी दोन गोड शब्द बोलले, डोळ्याला पदर लावला आणि कसाबसा गप्प केला. हे तसेच स्टिअरिंगला धरून बसले होते. असल्या वेळी माणसानं खाली उतरून हात जोडावेत, पण आमच्या घरात हात जोडण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

आमचे हे म्हणजे ईश्वरदास. पाचपावलीत ह्यांच्या घरी तीन पिढ्या हातमाग होता, माझ्या माहेरीही होता. मी मागासाठी सुताच्या कांड्या भरतच मोठी झाले. मागावर पोट भरेना तेव्हा ह्यांनी गाडी शिकून घेतली, आधी दुसऱ्याची चालवली, मग ही जुनी व्हॅन घेतली आणि आम्ही बेसा रोडला दोन खोल्यांत राहायला आलो. आता मनीषनगरातली पोरं शाळेत नेऊन सोडायची आणि दुपारी घरी आणून सोडायची, हा आमचा धंदा. पोरांच्या गाडीत बाईमाणूस पाहिजे असं शाळेनं सांगितलं, तेव्हा वेगळी बाई ठेवायची ऐपत नव्हती म्हणून मीच बसायला लागले. दार उघडायचं, पोरं उतरवायची, दप्तरं हातात द्यायची, भांडणं सोडवायची. पोरं मला मावशी म्हणतात आणि ह्यांना काका. हे नातं कसं लावायचं ते त्यांनाच ठाऊक.

ह्यांनी मार्तंडला फोन लावला. मार्तंड आमचा मेकॅनिक, पाचपावलीतलाच पोरगा. त्याचे वडील आणि माझे सासरे शेजारी शेजारी मागावर बसायचे. आता त्याचं गॅरेज वर्धा रोडच्या पलीकडं आहे. आमच्या फोनचा कानाला लावायचा आवाज गेलेला आहे, त्यामुळे तो कायम स्पीकरवरच असतो आणि आमचं सगळं बोलणं गावजेवण होऊन बसतं.

"काका, पायडल खालपर्यंत जाऊन राहिलं का जागेवरच अडकून राहिलं?" मार्तंडनं विचारलं.

"जागेवरच. दगड."

"मंग ब्रेक फेल नाही. ब्रेकची पॉवर गेली. बूस्टरचा एक पाईप राहते, तो फाटला असन. ब्रेक लागन तुमचा, पन जोर लय लावा लागन. तुम्ही गाडी तेथीच राहू द्या. मी दुकानात एकटा हाव, संध्याकाळी येतो."

"संध्याकाळी कसं होईन गा? बाराले पोरं सुटते."

मार्तंड म्हणाला, "नाही आनली तं चांगलंच. आनाचीच असन तं मी सांगतो तसंच आना. इंजिन कोठीच बंद कराचं नाही. न्यूट्रल कराची नाही, उतारावर तं अजिबात नाही. पहिल्या नाहीतर दुसऱ्या गेअरवर चालवा, इंजिनच गाडीले धरून ठेवते. पुढच्या गाडीपासून लांब राहा. ब्रेक दाबाचा तं एकदाच, आख्खा पाय लावून, आन् दाबूनच ठेवाचा. टकटक कराची नाही. आन् काकूले बाजूले बसवा. हँडब्रेक त्याहिच्या हातात."

"माह्या हातात?" मी म्हणाले.

"हो काकू. काका म्हणन तवा हळूहळू वढाचा. त्याचं बटन अंगठ्यानं दाबूनच ठेवजा. सोडलं तं तो वरच अडकन, मागची चाकं जाम होईन आन् गाडी फिरून जाईन."

एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या गाडीतली एखादी वस्तू माझ्या हातात आली असेल तर ती ही. मी म्हटलं, क्रेन बोलवा, ओढून नेईल. हे म्हणाले, क्रेनवाला दोरीनं ओढतो, दोरीमागची गाडी थांबवायलाही ब्रेकच लागतो. ते खरंच होतं. आणि क्रेनवाला बारापर्यंत आला नसता, तेही खरं होतं. शाळेच्या फाटकात पोरं उन्हात उभी राहतील, तिकडून आयांचे फोन सुरू होतील आणि पुढच्या महिन्यात त्यातल्या दोघी-तिघी दुसरी गाडी लावतील. हे आम्हाला दोघांनाही बोलून दाखवायची गरज नव्हती. मी पुढं येऊन बसले, पदर खोचला आणि तो दांडा हातात धरला.

शाळेच्या गल्लीतून आम्ही निघालो ते एखाद्या अंत्ययात्रेसारखे. चारी दिवे लुकलुक करत होते. मागून हॉर्नवर हॉर्न. एक स्कूटरवाला बाजूनं जाताना वाकून बघून गेला, गाडीत कोणी आजारी आहे की काय म्हणून. भाजीवाल्या बायांच्या टोपल्या रस्त्याच्या कडेला, त्यांच्यामधून गाई, आणि प्रत्येक गाईला नेमकं आमच्याच पुढून जायचं होतं.

"वढ," हे म्हणायचे. मी ओढायची.

"सोड." मी सोडायची.

अंगठा त्या बटणावर दाबून दाबून पांढरा पडला. पण खरं सांगायचं तर मला जास्त राग त्या आवाजाचा येत होता. टक, टक, टक. ह्यांचा पाय पायडलवर नुसता वाजत होता. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे.

"मार्तंडनं काय सांगतलं?" मी म्हणाले. "एकदा दाबा आन् दाबून ठेवा. मागाची पावडी हाय का ते?"

मागावर बसलेल्या माणसाचा पाय असाच चालतो. पावडी हलकेच दाबायची आणि लगेच सोडायची, मग दुसरी. दाबून धरून बसलात तर सूत नेणारा धोटा अडकतो आणि वरून बापाची थप्पड बसते. लहानपणीची ही सवय पायातून जात नाही, माझे सासरे तर जेवतानाही पाय हलवायचे. त्यामुळे ह्यांचा तो टकटक पाय मी गेले कित्येक महिने ऐकत होते आणि कोष्ट्याचा पाय आहे म्हणून सोडून देत होते. आज मात्र त्या पायावर आमचा जीव होता.

मनीषनगरातून वर्धा रोडला जायचं तर मधे रेल्वेलाईन आहे. वरून पुलानं जा नाहीतर खालून बोगद्यातून, उतार काही चुकत नाही. आम्ही पूल धरला. चढताना काही वाटलं नाही. व्हॅन कण्हत वर गेली, आणि वरून पाहिलं तर खाली सगळा रस्ता गाड्यांनी भरलेला.

"दुसऱ्यावर ठेवतो," हे म्हणाले. "तू तयार राह्य."

"मी सकाळपासून तयारच हाव."

उतार सुरू झाला. इंजिन गुरगुरत गाडी धरून होतं, तसं पाहिलं तर सगळं मार्तंडनं सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. आमच्यापुढं पोती भरलेली एक ई-रिक्षा होती, तिच्यापासून आम्ही भरपूर लांब होतो. पण नागपुरात अशी जागा कोणी रिकामी राहू देत नाही. एक मुलगी स्कूटी घेऊन बाजूनं आली, ओढणीनं तोंड बांधलेलं, आणि आमच्या पुढच्या त्या मोकळ्या जागेत शिरली. शिरली आणि खालच्या गाड्या थांबलेल्या बघून तिनं ब्रेक मारला.

टक, टक, टक, टक.

"दाबा ना जी!" मी ओरडले. "जोर लावा!"

"वढ! कुसुम, वढ!"

मी दोन्ही हातांनी ओढला. अंगठा बटणावर होता की नव्हता ते मला आता आठवत नाही. मागची चाकं किंचाळली, व्हॅनचं बूड एका बाजूला सरकलं, माझं डोकं काचेला लागलं आणि गाडी उभी राहिली. त्या मुलीच्या स्कूटीची नंबरप्लेट आमच्या काचेतून दिसत नव्हती, एवढी ती जवळ होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढची रांग सरकली तशी तीही सरकली आणि तिच्या कॉलेजला की कुठं ती निघून गेली.

आम्ही तिथंच बसलो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, वाजवू देत म्हटलं. ह्यांच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते आणि हे खाली वाकून बघत होते. मला वाटलं, ब्रेककडे बघतात.

"मार्तंडच्या तोंडाले आग लागो," मी म्हणाले. "म्हणे ब्रेक लागन. कोठी लागला?"

"चाल," हे म्हणाले. "थोडंच राहिलं."

त्या थोड्याला किती वेळ लागला कोण जाणे. गॅरेजसमोर गाडी लागली आणि मी उतरले ती मार्तंडवर तुटून पडायलाच. त्याला म्हटलं, तुझ्या सांगण्यावर आम्ही गाडी आणली, एका पोरीचा जीव जाता जाता राहिला, ब्रेक लागतो म्हणतोस तर तो लागतो कुठं ते दाखव. हे तोवर बाजूच्या जुन्या टायरवर जाऊन बसले होते.

मार्तंड गाडीत शिरला, पायडलवर पाय दिला, खाली वाकून पाहिलं, पुन्हा पाय दिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठी होती.

"काकू, बसा तुम्ही."

"मी?"

"बसा तं. गल्ली सपाट हाय. मी मागून ढकलतो. पाईप मी अजून बदलला नाही, जसा होता तसाच हाय. मी म्हटलं का दाबा."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आयुष्यात पहिल्यांदा. मार्तंडनं मागून रेटा दिला, गाडी हलली, दोन हात पुढं गेली. "दाबा!" तो ओरडला. मी उजवा पाय त्या पायडलवर ठेवला आणि अंगातला सगळा भार टाकला. दगडच होता तो, हे काही खोटं नव्हतं. गुडघ्यातून कळ गेली. पण दगड हलला. थोडासाच खाली गेला आणि गाडी गचकन थांबली, इतकी की मार्तंडची छाती मागच्या दारावर आपटली.

"लागला ना?" तो मागून म्हणाला.

मी त्याला पुन्हा ढकलायला लावलं. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबली. जिना चढताना जे गुडघे देवाचं नाव घेतात, त्या गुडघ्यांनी मी गाडी थांबवली होती. मी समोरच्या काचेतून ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते, जणू तिकडून कोणी येणार होतं.

मला आधी रागच आला. मग भीती वाटली आणि राग त्या भीतीखाली कुठं गेला ते कळलं नाही.

मार्तंड सीट उचलून इंजिनात डोकं घालून बसला. मी ह्यांच्याजवळ जाऊन जमिनीवरच बसले.

"पाय दुखते का?"

"दुखला असता तं बरं झालं असतं."

"म्हंजे?"

"पायाले समजत नाही, कुसुम." हे अगदी हळू बोलले, मार्तंडला ऐकू जाऊ नये म्हणून. "तळव्यापासून वर. दिवाळीच्या आधीपासून. जोर कोठी लागून राहिला, लागून राहिला का नाही, काहीच समजत नाही. साखरेनं होते म्हणते."

"कोन म्हणते? डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. तो म्हणाला, गाडी चालवू नका." ह्यांनी तो पाय हातानं चोळला. "म्हणून मंग त्याच्याकडं गेलोच नाही."

"आन् ते टकटक?"

हे म्हणाले, "वाजवलं का आवाज येते. आवाज आला का समजते, पाय ब्रेकवर हाय. नाहीतर मले कसं समजन? खाली पाहावं तं रस्ता सुटते."

म्हणजे मी रोज ऐकत होते तो कोष्ट्याचा पाय नव्हता. आंधळा माणूस काठी वाजवतो तसे हे पायानं ब्रेक शोधत होते, आणि मागं मी पोरांना गाणी म्हणायला लावत होते. मला आमच्या गाडीतली छोटी भूमिका आठवली. ती ह्यांच्या अगदी मागं, पियुषच्या शेजारी बसते, गुडघे ह्यांच्या सीटला लावते आणि रस्ताभर ह्यांच्या डोक्यावरचे पांढरे केस मोजते. पावसाळा संपल्यापासूनच्या सगळ्या सकाळी मला एकदम आठवल्या, धुक्याच्या, उशिराच्या, घाईच्या.

"मले तरी सांगाचं," मी म्हणाले.

"तुले सांगतलं असतं तं तू बंद कराले लावली असती."

"हो. लावली असती."

"मंग खाल्लं काय असतं?"

हे पुढं म्हणाले, "तू म्हणते ना, घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून काहून झोपता, म्हातारे झाले का? जीव थकून जाते वं. शेवटचं पोरगं उतरेपर्यंत मी धड श्वास घेत नाही. मंग घरी आलं का अंगातून सगळं निघून जाते." ह्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. सकाळचं ते ठेलेवाल्यापुढचं रडणं खोटं होतं, हे तसं नव्हतं.

तेवढ्यात मार्तंड हात पुसत आला. एक रबरी पाईप त्यानं दाखवला, वीतभर चीर गेलेली. "एवढीशी गोष्ट होती, काका. नवीन लावला. आता पाय ठेवला का लागते, लोण्यावानी." त्यानं ह्यांच्या पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता किल्ली पुढं केली.

हे उठले. इतक्या दिवसांची सवय, अंग आपोआप उठतं. "चाल," म्हणाले, "बारा वाजत आले."

किल्ली मी घेतली. घेतली खरी, पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही सांगते. मनात आलं की ब्रेक आता लोण्यासारखा आहे. एवढे महिने काही झालं नाही. शाळेला सुट्ट्या लागेपर्यंत ओढून न्यावं, मी पुढं बसेन, हँडब्रेक हातात धरून बसेन, कोणाला काय कळणार आहे. दोन खोल्यांचं भाडं, ह्यांची औषधं, सगळं त्या किल्लीला लटकलेलं होतं. आजचा दिवस टाळू, उद्याचं उद्या बघू. दमलेल्या माणसाला उद्या फार सोयीचा वाटतो.

"आज नाही," मी ह्यांना म्हणाले. "आज फोन करून सांगते."

पहिला नंबर प्रणाली मॅडमचा लावला. भूमिकाची आई, बँकेत असते. फोन स्पीकरवर, मागं बँकेतल्या माणसांचा गलका.

"मॅडम, गाडीचा ब्रेक थोडा जड झाला होता," मी म्हणाले. "दुरुस्तीले टाकली हाय. आज भूमिकाले तुम्ही घेऊन जाता का?"

"हो, हो, मी सांगते आईंना," त्या म्हणाल्या. "बरं झालं मावशी, तुम्ही सांगितलंत. दुसरे व्हॅनवाले तसेच दामटतात हो. मी ह्यांना नेहमी म्हणते, ईश्वरकाकांच्या गाडीत भूमिका असली की मला बघावं लागत नाही. उद्या येणार ना नेहमीसारखे?"

'हो' माझ्या तोंडात आलेलं होतं. ते बाहेर पडायच्या आत ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, मी ईश्वरदास बोलून राहिलो. उद्या मी नाही येत."

"का हो काका? गाडीचं मोठं काम निघालं का?"

"गाडी चांगली हाय. माहा पाय गेला. ब्रेकवर पाय हाय का नाही, ते मले समजत नाही. पोरीले दुसऱ्या गाडीत बसवा."

तिकडचा गलका तसाच चालू होता. मार्तंडनं हातातला पाना खाली ठेवला.

"कधीपासून, काका?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि तुम्ही माझ्या मुलीला रोज नेत होतात?"

"हो," हे म्हणाले. "रोज."

फोन बंद झाला. त्या ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर मी उलट चार शब्द बोलले असते, मला येतं ते. माझ्या मनात आलं, ह्यांना म्हणावं, एवढं सांगायची काय गरज होती, उद्यापासून येत नाही म्हटलं असतं तरी झालं असतं. पण ह्यांनी फोन माझ्यापुढं धरला होता. चष्म्याशिवाय ह्यांना त्यातली नावं दिसत नाहीत.

"पियुषच्या पप्पाचा लावून दे," हे म्हणाले. "मीच सांगतो."